फक्त 'नॉट' टाकलं तर मार्क का जातात? इंग्रजीतल्या होकार-नकाराचा घोळ, सोप्या भाषेत

परीक्षा जवळ आली की दहावी-बारावीची मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील एका प्रश्नापाशी हमखास अडतात. 'डू ॲज डायरेक्टेड' मध्ये वाक्य येतं, "ही इज रिच", आणि पुढे सूचना असते की अर्थ न बदलता निगेटिव्ह करा. मुलगा बिनधास्त "ही इज नॉट रिच" लिहून मोकळा होतो आणि मार्क जातो. मग घरी वाद, की नॉट तर टाकलंय, वाक्य निगेटिव्ह झालंय, मग चूक काय? वाक्य निगेटिव्ह झालंय हे खरंच आहे, पण सूचनेतला 'अर्थ न बदलता' हा भाग राहून गेला, आणि सगळी गंमत त्याच भागात आहे.

मी मुलांना इंग्रजी शिकवते आणि माझं ठाम मत आहे की यासाठी गाइडमधले वीस-पंचवीस नियम पाठ करायची काहीच गरज नाही. आपण मराठीत दिवसभर हेच करत असतो, शाळेत 'वाक्य रूपांतर' म्हणून होकारार्थीचं नकारार्थी करायला शिकतोही. "नेहमी खरं बोलावं" चं "कधीही खोटं बोलू नये" असं आपली मुलं झोपेतही करतील, पण तेच इंग्रजीत आलं की हात थांबतो. का थांबतो ते पायापासून बघू.

## आधी साधा नकार

हा भाग पाचवी-सहावीचा, पण इथला कच्चेपणा दहावीपर्यंत पुरतो म्हणून दोन मिनिटं.

मराठीत नकाराचा शब्द स्वतःच बदलत राहतो. मी नाही, तू नाहीस, ते नाहीत, काल नव्हते, जाऊ नकोस, जाऊ नये. माणूस कोण, काळ कुठला, आज्ञा आहे की सल्ला, सगळं तो एक शब्द सांगतो. इंग्रजीतला 'नॉट' मात्र कधीच बदलत नाही, तो आहे तसाच राहतो आणि त्याला टेकायला एक सहायक क्रियापद लागतं, म्हणजे इज, हॅव, कॅन, विल यांच्यापैकी कोणीतरी. वाक्यात असं कोणी असेल तर त्याच्या मागे नॉट लावा, विषय संपला. नसेल तर 'डू, डज, डिड' यांच्यापैकी एकाला आणावं लागतं, आणि तो आला की काळाची जबाबदारी तोच घेतो, मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जातं. म्हणून "ही वेंट" चं "ही डिड नॉट गो" होतं. "डिड नॉट वेंट" मध्ये भूतकाळ दोनदा सांगितला जातो, तसंच "डज नॉट वर्क्स" मध्ये एस दोनदा लागतो.

शेक्सपिअरच्या काळात "आय नो नॉट" असं सरळ क्रियापदालाच नॉट लावून म्हणायची सर्रास पद्धत होती. नंतर ती मागे पडली आणि डू कायमचा मधे आला. त्यामुळे मुलांना हा डू उपरा वाटतो यात मुलांचा काही दोष नाही.

## अर्थ तोच ठेवायचा तर नकार दोनदा लागतो

आता मूळ प्रश्न. होकारार्थी वाक्यात एक नकार घातला की अर्थ उलटतो, त्यामुळे अर्थ जागेवर आणायला तो आणखी एकदा उलटवावा लागतो. एक नकार 'नॉट', 'नो', 'नेव्हर' यांचा आणि दुसरा उलट अर्थाच्या शब्दाचा. "ही इज ऑनेस्ट" मध्ये ऑनेस्टचा डिसऑनेस्ट केला आणि वर नॉट लावला, "ही इज नॉट डिसऑनेस्ट". "ही रिमेंबर्ड माय नेम" चं "ही डिड नॉट फरगेट माय नेम". "ही ऑलवेज स्पीक्स द ट्रुथ" चं "ही नेव्हर टेल्स अ लाय", हे तर वरच्या मराठी वाक्याचंच भावंड आहे.

काही मुलं फक्त उलट शब्द घालतात, "ही इज डिसऑनेस्ट", आणि म्हणतात की डिस म्हणजे निगेटिव्हच ना. शब्द निगेटिव्ह आहे, पण वाक्य होकारार्थीच राहिलं आणि अर्थही उलटला, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. वाक्य खरंच निगेटिव्ह आहे का हे तपासायला याच पेपरातला दुसरा प्रश्न कामाला येतो, क्वेश्चन टॅगचा, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायच्या छोट्या प्रश्नाचा. होकारार्थी वाक्याला नकारार्थी टॅग लागतो आणि नकारार्थीला होकारार्थी. "ही इज डिसऑनेस्ट, इझन्ट ही?" असं आपण म्हणतो, टॅगमध्ये नॉट आला, म्हणजे वाक्य होकारार्थी. "ही इज नॉट डिसऑनेस्ट, इज ही?" इथे टॅग साधा, म्हणजे वाक्य नकारार्थी. शंका आली की मनात टॅग लावून बघायचा, लगेच कळतं.

## पण "गरीब नाही" म्हणजे "श्रीमंत" कसं?

हा प्रश्न वर्गातली हुशार मुलं विचारतात आणि पुष्कळदा त्यांना गप्प केलं जातं, ते मला अजिबात पटत नाही, कारण प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे.

उलट शब्दांच्या जोड्या दोन जातीच्या असतात. दिव्याचं बटण आणि पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यासमोर आणा. बटण चालू नाही म्हटलं की ते बंदच असणार, मधे जागाच नाही. प्रेझेंट-ॲबसेंट, डेड-अलाइव्ह, ट्रू-फॉल्स या बटणाच्या जोड्या, आणि इथे 'नॉट' अधिक उलट शब्द म्हणजे अगदी मूळ अर्थ, तसूभरही फरक नाही. पण पंखा शून्यावर नाही म्हटलं तर तो पाचावर आहे असं कोणी समजत नाही, तो एकवर असेल, तीनवर असेल. रिच-पुअर, हॉट-कोल्ड, हॅपी-सॅड, लाइक-डिसलाइक या रेग्युलेटरच्या जोड्या. गरीब नाही असा माणूस श्रीमंतच असेल असं काही नाही, आपल्यातली बहुतेक घरं या दोन्हींच्या मधेच आहेत. लग्नासाठी कोणी "स्थळ वाईट नाही" म्हणालं की मुलीकडच्यांना बरोबर कळतं की "चांगलं आहे" हे शब्द मुद्दाम टाळलेत. "आय डोन्ट डिसलाइक इट" हेही "आय लाइक इट" पेक्षा एक पायरी खालीच राहतं.

ॲरिस्टॉटलनेही विरोधाचे हे दोन प्रकार वेगळे ठेवले होते, म्हणजे दहावीतल्या मुलाला पडणारा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि तो विचारणाऱ्याचं कौतुकच व्हायला हवं.

## मग पेपरात काय लिहायचं?

पेपरात "ही इज नॉट पुअर" हेच चालतं. ती एक ठरलेली पद्धत आहे, तपासणाऱ्याला तुम्ही दोन नकार नीट बसवले का एवढंच बघायचं असतं. पण निवड आपल्या हातात असेल तर बटणाची जोडी शोधावी. "ही इज ऑलवेज पंक्च्युअल" ला "ही इज नेव्हर लेट" केलं तर अर्थ इंचभरही हलत नाही. आणि रेग्युलेटरची जोडी घ्यावीच लागली तर नकाराला जोर देता येतो, "ही इज बाय नो मीन्स पुअर" म्हणजे गरीब तर मुळीच नाही, हे मूळ अर्थाच्या बरंच जवळ जातं.

एक काळजी 'ऑल' आणि 'एव्हरी' असलेल्या वाक्यांत घ्यायची. "एव्हरी स्टुडंट वॉज प्रेझेंट" चं "नो स्टुडंट वॉज ॲबसेंट" होतं, एव्हरीचा नो झाला आणि प्रेझेंटचा ॲबसेंट, दोन उलट्या झाल्या आणि हिशोब जुळला. पण कोणी एव्हरी किंवा ऑल तसाच ठेवून नुसता नॉट घातला तर वाक्याचे दोन अर्थ निघतात. "ऑल द स्टुडंट्स वेअर नॉट प्रेझेंट" म्हणजे एकही आला नव्हता की काही आले होते आणि काही नव्हते? मराठीतही हाच घोळ आहे, "सगळी मुलं आली नाहीत" हे वाक्य फोनवर नुसतं ऐकलं तर नक्की काय झालं ते सांगता येत नाही. "ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड" ही म्हण आपण नीट समजतो कारण अर्थ आधीच माहीत असतो, चकाकतं ते सगळं सोनं नसतं, थोडं असतंही. शब्दशः धरलं तर चकाकणारी एकही गोष्ट सोनं नाही असा अर्थ निघेल आणि तो कोणालाच अभिप्रेत नाही.

## 'नन बट', 'कॅननॉट बट', 'नो सूनर': ही पाठच करायची ना?

नाही. हीच तर आपली सगळ्यात ओळखीची वाक्यं आहेत.

"ओन्ली गॉड कॅन सेव्ह अस" चं "नन बट गॉड कॅन सेव्ह अस" होतं. मुलं अडकतात कारण बट म्हणजे पण असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि "कोणी नाही पण देव" असला काहीतरी अर्थ लागतो. इथे बट म्हणजे शिवाय. "देवाशिवाय कोणी वाचवू शकत नाही", एवढं म्हटलं की वाक्य उलगडतं. माणसं आणि देव असतील तर नन बट, वस्तू असेल तर नथिंग बट, "ही एट ओन्ली फ्रूट" चं "ही एट नथिंग बट फ्रूट", फळांशिवाय काही खाल्लं नाही. "कॅननॉट बट" मधेही तोच शिवाय आहे. "वी मस्ट ओबे" चं "वी कॅननॉट बट ओबे", ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याच घरातलं "आय कुड नॉट हेल्प लाफिंग", यातल्या हेल्पचा मदतीशी काही संबंध नाही, मला हसल्याशिवाय राहवलं नाही एवढंच ते. मराठीत हे सगळं एका 'शिवाय' वर चालतं, इंग्रजीत त्याला तीन-चार वेगवेगळे कपडे आहेत इतकंच.

आकड्यांना थोडं जपायचं. "ओन्ली फाइव्ह पीपल केम" चं उत्तर "नॉट मोअर दॅन फाइव्ह पीपल केम" असं देतात आणि ते चालतं, पण काटेकोर बघितलं तर पाचाहून जास्त नाही म्हणजे चारही असू शकतात. याउलट "ॲट लीस्ट फाइव्ह" आणि "नॉट लेस दॅन फाइव्ह" हे दोन्ही अगदी एकच.

"नो सूनर" ला सगळेच घाबरतात म्हणून तो जरा जवळून बघू. "ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट." याचं निगेटिव्ह "नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट." मराठीत आपण काय म्हणतो? घंटा वाजते न वाजते तोच मुलं बाहेर पळाली. बघा, न आलाच! इंग्रजी वाक्याचं म्हणणं असं की घंटा मुलांच्या पळण्याहून जराही आधी वाजली नाही, म्हणजे दोन्ही एकाच क्षणी झालं. आता त्यातला 'डिड' कुठून आला? इंग्रजीत नकाराचा शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला आणला की सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे येतं, प्रश्नात येतं तसं. "नेव्हर हॅव आय सीन" मध्ये हॅव पुढे आला तो याच कारणाने. आपल्या वाक्यात सहायक कोणी नव्हतं म्हणून डिड आणला, आणि डिड आला म्हणून रँगचा रिंग झाला, म्हणजे पाचवीतलाच नियम इथे परत लागला. पुष्कळ पुस्तकांत "नो सूनर हॅड द बेल रंग दॅन" असंही दिसेल, तेही बरोबर. फक्त दॅनच्या जागी व्हेन टाकू नका, सूनर हे तुलनेचं रूप आहे आणि त्याला दॅनच लागतो.

तुलनेचं निघालंच आहे तर सुपरलेटिव्हही उरकून टाकू. कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. "कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र" याचं "नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई". यातला 'अदर' विसरायचा नाही, कारण कळसूबाईसुद्धा महाराष्ट्रातच आहे आणि अदर गळाला तर ती स्वतःएवढीही उंच नाही असं वाक्य होतं.

## "नोबडी डिड नॉट केम"

हे वाक्य मराठी माध्यमातल्या मुलांच्या वह्यांत इतक्यांदा दिसतं की त्याच्यावर नुसती लाल रेघ मारून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. मुलाच्या डोक्यात वाक्य आहे "कोणीच आलं नाही". कोणीच म्हणजे नोबडी, आलं नाही म्हणजे डिड नॉट केम, जोडलं. केम ही चूक तर वरच बघितली, पण मोठी चूक नोबडीची आहे. मराठीत 'कोणीच', 'काहीच', 'कधीच' यांच्यात नकार नसतो, तो शेवटच्या 'नाही' मध्ये असतो, म्हणून 'नाही' म्हणावंच लागतं. इंग्रजीतल्या नोबडी, नथिंग, नेव्हर यांच्या पोटातच नकार आहे. त्यामुळे "नोबडी केम" एवढं पुरे, किंवा मग "देअर वॉज नोबडी हू डिड नॉट कम" म्हणा, पण त्याचा अर्थ झाला सगळे आले!

कोणी म्हणेल की इंग्रजी गाण्यांत आणि सिनेमांत तर "आय डोन्ट नो नथिंग" सर्रास ऐकू येतं. येतं, आणि तिथे दोन नकार मिळून एकच मोठा नकार होतो, अगदी मराठीसारखा. इंग्रजीच्या बऱ्याच बोलींत हे चालतं, जुन्या इंग्रजीतही चालायचं. प्रमाण इंग्रजीने मात्र ही वाट सोडली, आणि अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियम पक्का केला. तेव्हा बोलीतलं ते चुकीचं किंवा अडाणी म्हणायचं कारण नाही, फक्त पेपरात आणि ऑफिसच्या मेलमध्ये ते चालत नाही.

पोटात नकार असलेले आणखी काही शब्द वरून अगदी साधे दिसतात. हार्डली, स्केअर्सली, सेल्डम, आणि 'अ' नसलेले फ्यू आणि लिटल. "ही हार्डली कम्स हिअर, डज ही?" टॅग साधा आला, म्हणजे वाक्य नकारार्थी. "अनलेस" ही त्याच जातीचा, त्याच्यात इफ आणि नॉट दोन्ही आहेत, म्हणून "अनलेस यू डोन्ट वर्क हार्ड, यू विल फेल" म्हटलं तर मेहनत केलीत तर नापास व्हाल असा भलताच अर्थ होतो. हवं होतं ते "अनलेस यू वर्क हार्ड".

## परीक्षा संपली की याचा काय उपयोग?

फोनवर कोणी इंग्रजीत विचारतं, "हॅवन्ट यू सबमिटेड द फॉर्म?" तुम्ही फॉर्म भरलेला नाही. मराठीत आपण म्हणू, "हो, नाही भरला", म्हणजे तुम्ही म्हणताय ते बरोबर, नाही भरला. तोच हो तोंडातून यस होऊन येतो, समोरचा फॉर्म भरला असं समजतो आणि फोन ठेवतो. इंग्रजीत यस-नो प्रश्नाकडे बघत नाही, घडलेल्या गोष्टीकडे बघतं. भरला असेल तर यस, नसेल तर नो, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" ला बसा म्हणायचं असेल तर उत्तर नो, कारण तो विचारतोय की तुमची हरकत आहे का. परदेशातल्या क्लायंटशी रोज कॉलवर बोलणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढंच सांगेन की नुसतं यस किंवा नो म्हणून थांबू नका, पूर्ण वाक्य बोला, "नो, आय हॅवन्ट", म्हणजे शंकेला जागाच राहत नाही.

आणि सगळ्यात मोठा उपयोग आपल्या राज्यघटनेची इंग्रजी प्रत वाचताना होतो. मतदानाचा हक्क देणारं कलम 326 बघा, त्यात मतदार "नॉट लेस दॅन एटीन इयर्स ऑफ एज" असावा असं म्हटलंय. हे आपलं वरचंच 'नॉट लेस दॅन', बटणासारखं नेमकं, अठरा पूर्ण म्हणजे आत. पूर्वी तिथे एकवीस होतं, 61 व्या घटनादुरुस्तीने अठरा झालं.

कलम 14 म्हणतं, "द स्टेट शॅल नॉट डिनाय टू एनी पर्सन इक्वॅलिटी बिफोर द लॉ". नॉट आणि डिनाय, दोन नकार. दहावीच्या पद्धतीने याचं होकारार्थी केलं तर "द स्टेट शॅल ग्रँट" असं काहीतरी होईल, पेपरात मार्कही मिळतील, पण अर्थ निसटेल. समानता देईल म्हटलं तर ती सरकारच्या हातातली वस्तू होते. नाकारणार नाही म्हटलं तर ती माणसाकडे आधीपासूनच आहे आणि सरकारने तिला हात लावायचा नाही, असं मी तरी वाचते.

कलम 17 मात्र बरोबर उलटं आहे. अस्पृश्यतेबद्दलचं हे कलम सुरू होतं "अनटचेबिलिटी इज अबॉलिश्ड" असं आणि पुढे म्हणतं की तिचं कुठल्याही प्रकारे पालन करायला मनाई आहे. वाक्यात नॉट नाही, नो नाही, नेव्हर नाही. टॅग लावून बघा, "इझन्ट इट?" येईल, म्हणजे व्याकरणाने हे होकारार्थी वाक्य. याचं निगेटिव्ह करायला सांगितलं तर मुलं लिहितील "नो वन शॅल प्रॅक्टिस अनटचेबिलिटी इन एनी फॉर्म", आणि त्यात दुसरा भाग, मनाईचा, नीट येतो. पहिला भाग मात्र त्यात मावत नाही, कारण कोणी पाळू नये म्हटलं तर प्रथा कुठेतरी शिल्लक आहे असं वाटतं, आणि मूळ वाक्य ती संपवली असंच सांगतं.